ब्लू द शनेल आणि त्याचा आर्माफ क्लोन: घरच्या घरी तुलना कशी करावी

महागडा परफ्यूम आणि त्याचा स्वस्त क्लोन यांची तुलना बहुतेक जण दुकानात उभ्या-उभ्या करतात. एका मनगटावर हा, दुसऱ्यावर तो, दोनदा हुंगायचं आणि निकाल द्यायचा. ही पहिली दोन मिनिटं दोन्ही बाजूंनी फसवतात. क्लोनची सुरुवात अल्कोहोलमुळे टोचली तर चांगला क्लोन उगाच बाद होतो. सुरुवात हुबेहूब जमली असली तर साधारण क्लोनही पास होतो. दोघांमधला खरा फरक उशिरा उघडा पडतो, साधारण चौथ्या तासाला. म्हणून तुलना करायची तर एक सुट्टीचा दिवस मोकळा ठेवा, दोन ठेवता आले तर उत्तम.

इथे उदाहरणाला घेतलेली जोडी आहे ब्लू द शनेल आणि आर्माफचा क्लब द नुई ब्लू आयकॉनिक. पद्धत मात्र कुठल्याही जोडीला चालते.

आधी जोडी नीट जुळवा

ब्लू द शनेल नावाचा एकच परफ्यूम नाही. २०१० साली परफ्यूमर जाक पोल्झ यांनी केलेली ईडीटी (ओ द त्वालेत) आली, २०१४ मध्ये ईडीपी (ओ द पार्फाँ), आणि २०१८ मध्ये त्यांचे चिरंजीव ओलिव्हिए पोल्झ यांनी बांधलेला पार्फाँ. तिघांची बाटली एकाच घराण्यातली, निळी-काळी, चौकोनी. वास मात्र वेगळे. ईडीटी सर्वांत मोकळी आणि लिंबूवर्गीय. ईडीपी जास्त गोलसर, धुपाकडे आणि लाकडाकडे झुकणारी. पार्फाँमध्ये चंदन पुढे येतं. बरेच लोक ज्याला 'क्लोन जमला नाही' म्हणतात, त्यात कितीदा तरी तुलनाच चुकीच्या बाटलीशी झालेली असते: हातात क्लोन ईडीपीचा आणि डोक्यात आठवण ईडीटीची.

ब्लू आयकॉनिक स्वतःला ईडीपी म्हणवतो, तेव्हा पहिली तुलना ईडीपीशी करा. जमलं तर तिन्हींचा २-२ मिली नमुना घ्या. क्लोन नेमका कुणाच्या जवळ जातो हे कळण्याची मजा वेगळीच. ईडीटी आणि ईडीपी ही अक्षरं तेलाचं प्रमाण ढोबळ सांगतात, पण त्यांची मर्यादा कायद्याने ठरलेली नाही. त्यामुळे 'क्लोन ईडीपी आहे, मूळ ईडीटी, म्हणजे क्लोन जास्त टिकणार' हा हिशोब करू नका.

नावाचाही घोळ असतो. आर्माफ हा संयुक्त अरब अमिरातीतल्या स्टर्लिंग पार्फम्स या कंपनीचा ब्रँड, आणि 'क्लब द नुई' या नावाखाली त्यांच्या बऱ्याच बाटल्या आहेत. सर्वांत गाजलेला इंटेन्स मॅन हा क्रीड या कंपनीच्या अव्हेंटस परफ्यूमच्या वाटेने जाणारा, अननस आणि धुराचा. त्याचा ब्लू द शनेलशी काही संबंध नाही. ऑनलाइन मागवताना खोक्यावर 'ब्लू आयकॉनिक' हे शब्द आणि १०५ मिली हे माप आहे ना, ते पाहा.

क्लोन वेगळा, फर्स्ट कॉपी वेगळी

क्लोन स्वतःच्या नावाने विकला जातो, वास फक्त दुसऱ्यासारखा असतो. फर्स्ट कॉपी म्हणजे शनेलचं नाव, शनेलची बाटली आणि आत भलतंच काही. पहिला व्यवसाय आहे, दुसरी फसवणूक. बाजारात दोन्ही शेजारी-शेजारी मांडलेले दिसतात म्हणून हे सांगावं लागतं.

वासावर मालकी कुणाची, यावर कोर्टांचंही एकमत नाही. अमेरिकेत १९६८ साली खुद्द शनेलच्या खटल्यात अपील न्यायालयाने सांगितलं, की आमचा परफ्यूम शनेल नंबर ५ सारखा आहे अशी खरी जाहिरात नक्कल करणाऱ्याला करता येते. जून २००६ मध्ये काही दिवसांच्या अंतराने फ्रान्सच्या सर्वोच्च न्यायालयाने परफ्यूमच्या वासाला कॉपीराइट नाकारला आणि नेदरलँड्सच्या न्यायालयाने तो मान्य केला. २००९ मध्ये लोरेआलच्या खटल्यात युरोपीय न्यायालयाने 'हा अमक्यासारखा' असे तुलनेचे तक्ते विक्रीसाठी वापरणं गैर ठरवलं. क्लोनच्या खोक्यावर मूळ परफ्यूमचं नाव का नसतं आणि ते दुकानदाराच्या तोंडूनच का ऐकावं लागतं, त्याचं एक कारण हे.

मूळ बाटली १०० मिलीची घेऊन तुलना करायची गरज नाही. मॉलमधल्या अधिकृत काउंटरवर जा, सोबत आणलेल्या पट्ट्यांवर फवारून घ्या आणि हातावर एक फवारा मागा. नाही म्हणत नाहीत. घरच्या चाचणीसाठी मात्र ५ मिली डिकँट, म्हणजे मूळ बाटलीतून छोट्या कुपीत काढून विकलेला परफ्यूम, लागेल. डिकँट विकणाऱ्याकडून बाटलीचा आणि तळाच्या बॅच कोडचा फोटो मागा. शनेलचा चार आकडी कोड बाटलीवर आणि खोक्यावर सारखाच असायला हवा. तो जुळला म्हणून माल खरा ठरत नाही, कारण नकली करणारे कोडही छापतात. पण जुळला नाही तर तिथेच थांबा. सीलबंद बाटली घेत असाल तर आयातदाराचं नाव-पत्ता, एमआरपी आणि आयातीच्या नोंदणीचा क्रमांक असलेला स्टिकर खोक्यावर हवा. हे नियम क्लोनलाही लागू आहेत, आणि क्लोनचेही क्लोन निघतात हे विसरू नका.

काउंटरवरचा वास आणि डिकँटचा वास यांची एकदा पट्टीवर गाठ घालून द्या. डिकँटच खोटा निघाला तर पुढची सगळी मेहनत वाया.

सामान

लागतं ते असं: काचेच्या ५ मिलीच्या दोन स्वच्छ कुप्या, कागदाच्या तीसेक पट्ट्या, पेन्सिल, जुन्या सुती कापडाचे दोन तुकडे, आणि ०.०१ ग्रॅमपर्यंत मोजणारा खिशातला डिजिटल काटा. एक मदतनीसही हवा, शक्यतो सर्दी न झालेला.

पट्ट्या घरी करा. ड्रॉइंगचा जाड, खरखरीत कागद घेऊन १ सेंटिमीटर रुंद आणि १२ सेंटिमीटर लांब कापा. लग्नपत्रिकांचा गुळगुळीत, चकचकीत कागद चालत नाही. त्यावर परफ्यूम शोषला जात नाही, वरच थेंब राहतो आणि वासाचा क्रम बिघडतो. टिशू पेपर त्याच्या उलट: भसाभसा शोषतो आणि अर्ध्या तासात मोकळा होतो. पेन्सिलच वापरा. बॉलपेनची आणि मार्करची शाई स्वतः वास मारते, शिवाय अल्कोहोलने फुटते.

चाचणीच्या आदल्या दिवशी स्वयंपाकघरात एक छोटी शिकवणी घ्या. ब्लू द शनेलच्या घटकांत ग्रेपफ्रूट, लिंबू, पुदिना, गुलाबी मिरी, आलं, जायफळ, वाळा, सीडर, धूप, चंदन आणि पॅचुली यांची नावं येतात. यातलं निम्मं घरात असतं. पपनसाची साल चिमटून हुंगा, ग्रेपफ्रूटचा कडसर वास तिच्या जवळ जातो. आलं सोलून साल हुंगा, जायफळ ताजं किसा, वाळ्याची जुडी भिजवा, सहाणेवर चंदन उगाळा. प्रत्येक वास वेगळा ओळखू येऊ लागला, की उद्या 'काहीतरी वेगळं आहे' एवढंच म्हणण्याऐवजी 'आलं इथे जास्त आहे, चंदन कमी' असं लिहिता येतं. इंग्रजी शब्दांच्या याद्या पाठ करण्यापेक्षा सहाण जास्त कामाची.

पट्टीवरची आंधळी चाचणी

नाव दिसलं की नाक पक्षपाती होतं. शनेलची बाटली हातात असली की तिचा वास 'उंची' लागतो, आर्माफचा 'सिंथेटिक'. म्हणून सुरुवात डोळ्यांवर पट्टी बांधल्यासारखीच करायची.

दोन्ही परफ्यूम कुप्यांमध्ये काढून घ्या. मदतनीसाला सांगा, की प्रत्येक वेळी तीन पट्ट्या तयार कर: दोन एकाच परफ्यूमच्या, तिसरी दुसऱ्याची. पट्टी १ सेंटिमीटरपर्यंत, दोन सेकंद बुडवायची. फवारू नका, कारण दोन बाटल्यांचे पंप सारखे नसतात आणि जिथे जास्त द्रव पडला तोच परफ्यूम 'जास्त चांगला' वाटतो. पट्टीचं कोरडं टोक थोडं दुमडून ठेवलं तर टेबलावर ठेवताना ओलं टोक कशाला टेकत नाही. पट्ट्यांवर मदतनीसाने फक्त आकडे लिहायचे आणि खरी यादी स्वतःकडे ठेवायची.

अल्कोहोल उडायला दोन मिनिटं थांबा, मग वेगळी पट्टी ओळखा. असं सहा वेळा करा, दोन फेऱ्यांमध्ये किमान पाच मिनिटं जाऊ द्या, आणि कधी मूळच्या दोन पट्ट्या तर कधी क्लोनच्या दोन असं आलटूनपालटून होऊ द्या. नुसत्या अंदाजाने तीनांत एकदा बरोबर येतं, म्हणजे सहात सरासरी दोन. सहापैकी पाच बरोबर आले तर तुमच्या नाकाला फरक खरोखर कळतो. निव्वळ नशिबाने तसं होण्याची शक्यता शंभरात दोनहून कमी आहे. चार आले तर पुन्हा करा. तीन किंवा कमी आले तर निदान सुरुवातीच्या वासापुरता तरी क्लोन तुमच्यासाठी मूळच आहे, आणि त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही.

त्याच पट्ट्या टाकू नका. वेगवेगळ्या खोल्यांत, खिडकीपासून दूर ठेवा आणि दोन तासांनी, सहा तासांनी, दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा तेच करा. पहिल्या फेरीत दोनच बरोबर आलेल्या माणसाला सहा तासांनी सहापैकी सहा येणं अगदी शक्य आहे.

हातावरचे आठ तास

कागद गरम होत नाही, त्याला घाम येत नाही. म्हणून दुसरा दिवस त्वचेचा. सकाळी बिनवासाच्या साबणाने हात धुवा, डिओ आणि आफ्टरशेव्हला सुट्टी द्या, कपडे धुताना वासाचं सॉफ्टनर वापरलेला शर्ट घालू नका. त्वचा फार कोरडी असेल तर दोन्ही हातांवर शेंगदाण्याएवढं व्हॅसलीन चोळा. खोबरेल नको, त्याला स्वतःचा वास आहे.

कोपर आणि मनगट यांच्या मध्यावर, १५ सेंटिमीटरवरून, प्रत्येक हातावर एकच फवारा. डावीकडे मूळ, उजवीकडे क्लोन. चोळू नका, चोळल्याने थर पसरतो, वरचे हलके वास लवकर उडतात आणि दोन हातांची तुलना बिघडते. दुसऱ्या वेळी हात बदला, कारण कामाचा हात जास्त हलतो, जास्त तापतो आणि जास्त वेळा धुतला जातो.

नोंद ५ मिनिटांनी, १५ मिनिटांनी, अर्ध्या तासाने, मग १, २, ४, ६ आणि ८ तासांनी. प्रत्येक वेळी दोन-तीन ओळी पुरे. कुठे काय पाहायचं ते असं.

पहिली १५ मिनिटं ग्रेपफ्रूट, लिंबू, पुदिना, मिरी. ब्लू आयकॉनिक इथे मूळच्या खूप जवळ असतो, फक्त थोडा तीक्ष्ण. पुदिना आणि आलं जरा पुढे सरसावतात. लिंबूवर्गीय वास मुळातच महाग नाहीत, त्यामुळे इथे कमी पडणारा क्लोन घेऊच नये. 'फरशी पुसायच्या द्रवासारखा' वास आला तर तो बहुधा डायहायड्रोमर्सिनॉलचा. हा रेणू पुरुषांच्या परफ्यूममध्ये चाळीस वर्षांहून जास्त काळ राज्य करतोय: १९८२ च्या ड्रकार न्वारमध्ये आणि १९८८ च्या डेव्हिडॉफ कूल वॉटरमध्ये त्याचा वाटा मोठा होता. साबण-पावडरींतही तो भरपूर वापरला जातो, म्हणून आपल्याला तो धुण्याचा वाटतो. थोडा असला तर ताजेपणा, जास्त झाला तर न्हाणीघर.

अर्ध्या तासापासून दोन तासांपर्यंत आलं-जायफळ आणि त्यामागे धूप. इथे ऐकण्याची गोष्ट म्हणजे सांधा. मूळमध्ये लिंबू मावळतं आणि लाकूड उगवतं ते नकळत. स्वस्त क्लोनमध्ये मधे एक पोकळी जाणवते: फळ गेलेलं, लाकूड आलेलं नाही, काही वेळ नुसता गोडसर साबण. ब्लू आयकॉनिकची पोकळी लहान आहे, पण एका तासाच्या आसपास कान टवकारावेत तसं नाक टवकारा.

आणि मग चौथा तास. इथे राहतं ते सीडर, चंदन, पॅचुली, कस्तुरीसारखे मस्क, आणि आयसो ई सुपर नावाचा मखमली, देवदारासारखा कृत्रिम रेणू, जो मधेच दिसतो आणि मधेच लपतो. मूळचा तळ, म्हणजे शेवटी उरणारा वास, गोल आणि किंचित दुधाळ असतो. काल सहाणेवर हुंगलेलं चंदन आठवा, त्याच दिशेचं. क्लोनचा तळ जास्त सपाट आणि कोरडा. पेन्सिल तासल्यासारखा, नाकाच्या मुळाशी टोचणारा कोरडेपणा जाणवला तर ते स्वस्तात टिकाऊपणा मिळवायला वापरलेले जोरदार 'अंबर-लाकडी' रेणू. त्यांचा एक थेंब दिवसभर टिकतो. यामुळेच काही क्लोन मूळपेक्षा जास्त वेळ टिकतात, आणि 'जास्त टिकतो' ही स्तुती नेहमी स्तुतीच नसते. काय टिकलंय, तेही लिहा.

आठव्या तासाला त्वचेला नाक लावूनच कळेल. कापडाचे दोन तुकडे सकाळी एकेक फवारा मारून वेगळे टांगले असतील तर दुसऱ्या दिवशी तेही हुंगा. पांढऱ्या किंवा रेशमी कापडावर आधी डाग पडतो का, ते कोपऱ्यात पाहा.

फरक उरतोच कशाला?

क्लोन करणारे मूळ परफ्यूम जीसी-एमएस यंत्रात घालतात. यंत्र मिश्रण रेणू-रेणू सुटं करतं आणि प्रत्येकाचं प्रमाण सांगतं. मग कृती हातात आल्यावर नक्कल तंतोतंत का होत नाही? तीन कारणं. एक, नैसर्गिक तेल म्हणजे शेकडो रेणूंचा गठ्ठा. यंत्राने 'यात चंदन आहे' हे सांगितलं तरी पार्फाँसाठी शनेल वापरतं ते न्यू कॅलेडोनियाचं चंदनतेल क्लोनच्या किमतीत बसत नाही. मग त्याऐवजी दोन-तीन कृत्रिम चंदनं येतात, आणि दुधाळपणा तिथेच जातो. दोन, सुगंधी रसायनं बनवणाऱ्या कंपन्या काही रेणू स्वतःच्याच परफ्यूमरसाठी राखून ठेवतात, बाजारात विकत नाहीत. तीन, अगदी कमी प्रमाणातले पण ताकदवान घटक आलेखावर मोठ्या शिखरांच्या सावलीत लपतात.

उलटही खरं आहे. ज्या मूळ परफ्यूमचा सांगाडाच कृत्रिम रेणूंचा, त्याचा क्लोन सोपा. ब्लू द शनेल या बाबतीत मधोमध आहे, म्हणून तर त्याचे क्लोन इतके निघतात.

'वासच येत नाही' आणि इतर तक्रारी

तासाभरात दोन्ही हातांवरचा वास गेला असं वाटलं, तर बहुधा वास नाही, नाक गेलेलं असतं. सतत तोच वास आला की मेंदू त्याची नोंद घेणं सोडून देतो. आयसो ई सुपर आणि मोठ्या रेणूंचे मस्क यांच्या बाबतीत हे फारच होतं, आणि काही जणांना ठरावीक मस्क जन्मतःच येत नाहीत. मदतनीसाला विचारा. त्याला बाहेरून आत आल्यावर लगेच येत असेल तर परफ्यूम ठीक आहे. दुकानात कॉफीच्या दाण्यांची वाटी पुढे करतात, तिचा उपयोग साध्या हवेपेक्षा जास्त नाही. पाच मिनिटं गॅलरीत उभे राहा, किंवा स्वतःचा बिनवासाचा कोपर हुंगा.

दरवळ किती लांब जातो हे स्वतःच्या नाकाने मोजताच येत नाही. पंखा बंद करून खोलीच्या मध्यावर उभे राहा. मदतनीस दुसऱ्या खोलीतून हळूहळू येईल आणि वास आला तिथे थांबेल. पावलं मोजा. एका तासाने आणि तीन तासांनी करा, दोन परफ्यूमसाठी दोन वेगळे दिवस. हे टाळून 'प्रोजेक्शन जबरदस्त' असं लिहिणाऱ्यांवर फार विसंबू नका.

नवा क्लोन पहिल्या दिवशी स्पिरिटसारखा भपकारा मारतो ही नेहमीची तक्रार. यातलं काही पंपाच्या नळीतल्या पहिल्या फवाऱ्यांचं असतं, तेव्हा पहिले पाच-सहा फवारे हवेत मारा. तरी टोचला तर बाटली कपाटात ठेवून दोन-तीन आठवड्यांनी पट्टी पुन्हा करा. लोक याला 'मुरवणं' म्हणतात आणि त्याभोवती बरीच भाबडी कर्मकांडं आहेत: फ्रीजमध्ये ठेवा, रोज हलवा, झाकण उघडून ठेवा. नुसता अंधार आणि थंडावा पुरे. झाकण उघडून ठेवलं तर मुरत नाही, उडतं. आणि लोणच्यासारखं मुरल्यावर क्लोनला चंदन फुटत नाही. टोचणं कमी होतं, तळ तोच राहतो.

क्लोनच्या दोन खेपांमध्येही फरक पडतो. आवडलेल्या बाटलीच्या बॅच कोडचा फोटो काढून ठेवा.

हवेचा हिशोब

पुण्यात डिसेंबरमध्ये केलेली तुलना मुंबईत मे महिन्यात लागू पडत नाही. कोरड्या थंडीत वास त्वचेला चिकटून बसतो, कमी उडतो. तेव्हा मूळचा दुधाळ तळ उठून दिसतो आणि क्लोन मागे पडतो. कोकणपट्टीच्या दमट उकाड्यात सगळं पटापट उडतं आणि घामात मिसळतं. तिथे क्लोनचे जोरदार लाकडी रेणू कामी येतात खरे, पण लोकलच्या गर्दीत तीन फवाऱ्यांवर गेलात तर शेजारच्याचा जीव घुसमटतो. नागपूरच्या उन्हाळ्यात उघड्या मानेवर मारूच नका, शर्टाच्या आत छातीवर एक-दोन बस.

पैशाचा हिशोब

बाटलीच्या किमती ताडण्यात अर्थ नाही. एका दिवसाला किती लागतं ते पाहा. बाटली काट्यावर ठेवा, वजन घ्या, दहा फवारे मारा, पुन्हा वजन घ्या. अल्कोहोलमधला परफ्यूम पाण्यापेक्षा हलका असतो, १ मिली म्हणजे साधारण ०.८२ ग्रॅम. वजन ०.८२ ग्रॅमने घटलं तर दहा फवाऱ्यांत १ मिली, एका फवाऱ्यात ०.१.

समजा मूळची १०० मिली बाटली ₹१२,००० ला आणि क्लोनची १०५ मिली ₹३,००० ला मिळाली. मूळ पडला ₹१२० मिली, क्लोन साधारण ₹२८.६०. मूळचे चार फवारे ०.१ मिलीचे, म्हणजे दिवसाला ₹४८. क्लोनचे सहा लागतात आणि त्याचा पंप ०.१४ मिली फेकतो असं धरलं, तर ०.८४ मिली, म्हणजे ₹२४. चौपट स्वस्त वाटणारी बाटली दिवसाला निम्म्यानेच स्वस्त पडली. तरीही स्वस्तच, पण किती ते आता खरं कळलं. रोजच्या या वापराने क्लोनची बाटली चार महिन्यांत संपते आणि मूळची आठ महिन्यांहून थोडी जास्त चालते.

रोज ऑफिस, जिम, प्रवास यासाठी ब्लू आयकॉनिक घ्यायला हरकत नाही. पहिल्या दोन तासांत फरक सांगणारा क्वचित भेटेल. संध्याकाळभर जवळ बसणाऱ्या माणसासाठी लावत असाल तर चौथ्या तासाचा तळ महत्त्वाचा, आणि तिथे मूळच वरचढ आहे. त्यासाठी १०० मिली कशाला, १० मिली डिकँट वर्षभर पुरतो. मूळ आठवड्यातून एकदाच, तोही दोन फवारे, असं लागत असेल तर क्लोनवर वाचवण्यासारखं फारसं काही नाही.

तिसरी वाट मोहम्मद अली रोडवरच्या अत्तरवाल्यांची. तिथे ब्लू द शनेलच्या नावाचं तेल तोळ्यावर मिळतं, अल्कोहोल नसलेलं. ते या चाचणीत बसवू नका. तेलात लिंबूवर्गीय वास कधी उमलतच नाही, दरवळही अंगाजवळच राहतो, त्यामुळे पट्टीवर ते दोघांपुढेही हरेल. कानामागे फाया लावून दोन तासांनी हुंगा आणि फक्त तळाची तुलना करा. कापडावर लावू नका, तेलाचा डाग निघत नाही.